एका दाण्याचा साकव

यमनाप्पा चौथ्यांदा लोकल बोर्डाच्या कचेरीतून हात हलवत परत आला, तेव्हा गुणाबाईनं त्याला आपल्या अंगणातच गाठलं आणि तोंडाचा पट्टा सोडला.

"चपला झिजवून आलास. साकवाचं काय झालं ते बोल."

तिचा राग उगाच नव्हता. ती गावची सुईण, अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. पण पोटच्या लेकीचं, जयवंताचं, पहिलं मूल दोन वर्षांमागं आडवं आलं. निपाणीचा दवाखाना दोन कोसांवर आणि मधे ओढा फुगलेला, त्यावर ना पूल ना साकव. गाडी काठावर थांबली आणि मूल तिथंच गेलं. आता जयवंता पुन्हा पोटुशी होती आणि दिवस भरत होते नेमके श्रावणात.

यमनाप्पा मापारी. खळ्यावर रास मोजण्यात जन्म गेल्यामुळं कुठलीही गोष्ट दाण्यात मांडल्याशिवाय त्याला उमगत नसे. त्यानं सूप ओढलं आणि ज्वारीचे आठ दाणे जोत्यावर मांडले.

"हजाराला एक दाणा धर, आक्का. साठ गावांचं रस्तं, हिरी, साकव, समद्याला मिळून बोर्डाकडं वर्साला एवढं हाय. आपला साकव म्हंजे ह्यातला एक दाणा. कारकून म्हनला, तुमचा लंबर सात वर्सांनी."

मग त्यानं चिमटीत किती दाणे बसतात ते मोजलं, शंभर भरले, आणि तशा चाळीस चिमट्या बाजूला घातल्या. पसाभर ढीग झाला.

"आनि ह्यो ढीग कुनाचा?" गुणाबाईनं विचारलं.

"रुद्राप्पाशेठचा. तंबाखूच्या वखारी, बागाईत, बेळगावात कॅम्पातला बंगला. चाळीस लाख म्हनत्यात."

गुणाबाईनं ढिगातला एक दाणा उचलला. ढीग होता तसाच दिसला. तिनं तो परत टाकला, पुन्हा उचलला.

"एवढ्यानं त्येचं काय कमी हुतंय रं? खळ्यावर जाऊया की त्येच्या."

आमच्याकडं रास पडली की ज्याला गरज आहे तो खळ्यावर जाऊन उभा राहतो. तोंड उघडायचं नसतं, मागितलं तर धन्याची अब्रू जाते. त्यानं सांगितलं तर कामाला हात लावायचा आणि माप संपलं की धनी आपणहून पदरात घालतो. आम्ही असे भोळसट, की ही रीत वखारीलाही चालत असेल असं सगळ्या गावाला वाटलं.

वैशाखातल्या एका सकाळी चाळीस माणसं कोरडा ओढा ओलांडून निपाणीत गेली आणि शेठच्या वखारीच्या दारात उभी राहिली. आत तंबाखूचे गोणपाटात शिवलेले बोद येऊन पडले होते, एकेक बोद बैलाएवढा. उग्र वासानं डोळ्यांतून पाणी येत होतं. मुनीम सुबराव बाहेर आला, त्यानं डोकी मोजली.

"बरे वेळेवर आलात. चला, गाड्या खाली करा."

गुणाबाईनं यमनाप्पाकडं बघून मान हलवली. रीतीप्रमाणंच चाललं होतं.

दिवसभर माणसांनी बोद वाहिले. बाया चाळणीला बसल्या, शिंकून शिंकून बेजार झाल्या. पण सगळ्यांची तोंडं हसरी होती. दिवस कलला तेव्हा शेठची मोटार आली. मुनीम प्रत्येकाच्या हातावर दोन आणे ठेवत होता. शेठ कौतुकानं म्हणाला, "चांगली माणसं. मजुरीची घासाघीस नाही."

माणसं हलेनात. मुनीम वैतागला. शेवटी गुणाबाईनं जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं, तोंड उघडलं.

"मालक, आमच्या वड्यावर साकव पायजे. हजार रुपयांचा. श्रावणात पोरगी बाळंत व्हायचीया माझी."

शेठनं शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, तेच तर दुःख. "बाई, ते बोर्डाचं काम. मी बोर्डाला पट्टी भरतो. उद्या साठ गावं दारात आली तर मी कुणाकुणाला पुरणार?" मग मोटारीत बसता बसता म्हणाला, "उद्याही या. महिनाभर काम आहे."

ओढ्यात आल्यावर सगळ्यांनी आपले दोन आणे गुणाबाईच्या पदरात टाकले. पाच रुपये भरले. यमनाप्पा खडकावर बसून बोटं मोजत राहिला.

"दोनशे दिस लागतील, आक्का. सगळ्यांनी उपाशी ऱ्हायलं तर."

मृग दीड महिन्यावर होता. गुणाबाईनं ज्याचे त्याला पैसे परत दिले. मग ती ओढ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत चालली. बावीस पावलं भरली.

सकाळी ती जयवंताला घेऊन वखारीच्या दारात उभी राहिली. बरोबर वाकळ आणि दोन भांडी होती.

"मुनीमजी, मागल्या छपरात पडू द्या. श्रावण सरंपातूर, हितनं दवाखाना जवळ हाय. आमी दोघी काम करू."

सुबरावानं जयवंताच्या पोटाकडं बघितलं. "हिच्यानं काय होणार?"

"बसून चाळंल."

"छपराचं भाडं कापून हिला एक आणा."

"व्हय," गुणाबाई म्हणाली. मग तिनं लेकीच्या नाकातोंडाला पदर घट्ट बांधला आणि तिला तंबाखूच्या ढिगापुढं बसवलं.