दुखण्याचा आकडा

बंदरातली पाच नंबरची क्रेन तो सव्वीस वर्षं चालवत होता. पाळी सुरू झाली की शिडीने पस्तीस मीटर वर केबिनमध्ये जायचा तो पाळी संपल्यावरच खाली दिसायचा, म्हणून कामगार त्याला ‘वरचे’ म्हणत. केबिनची जमीन काचेची होती. खाली लोंबकळणारा कंटेनर दोन पायांच्या मधून बघावा लागे. आठ तास कमरेत वाकायचं, हनुवटी छातीशी.

चार वर्षांपूर्वी मान धरली, मागोमाग पाठ. गोळ्या, पट्टा, शेक, इंजेक्शनं सगळं करून झालं. मग एका सकाळी उतरताना मान वळेना, पायरी दिसली नाही आणि तो दोन पायऱ्या घसरला. कंपनीच्या डॉक्टरांनी तीन महिने केबिन बंद केली आणि पुनर्वसन केंद्राची चिठ्ठी दिली.

तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्याला वाकवून, वळवून पाहिलं. दुखणं शून्य ते दहामध्ये किती, असं विचारलं. तो आठ म्हणाला. मणक्यांची झीज वयाला साजेशी होती, ऑपरेशनचं काही नव्हतं. बाईंनी कागदावर लिहिलं: पिलाटिसचा व्यायामवर्ग, आठवड्यातून दोनदा.

“हे बायकांचं असतं ना?”

“मणका असलेल्यांचं असतं,” बाई म्हणाल्या.

वर्गात सात जणी आणि तो. शेजारच्या चटईवर एक निवृत्त मुख्याध्यापिका. पहिले दोन आठवडे त्याला काही उचलायलाच मिळालं नाही. पाठीवर पडायचं, गुडघे दुमडायचे, श्वास बरगड्यांच्या बाजूंना भरायचा आणि सोडताना बेंबीखालचं पोट हलकेच आत घ्यायचं. मानेचा व्यायाम म्हणजे ‘हो’ म्हणताना हलते तेवढीच हनुवटी हलवायची, तीही अर्धी.

“अर्धं हो कसं म्हणायचं?” त्याने विचारलं.

“घरी बायकोला म्हणता तसं,” मुख्याध्यापिका डोळे मिटूनच म्हणाल्या.

घरी बायकोने विचारलं, वर्गात काय शिकवलं.

“श्वास घ्यायला.”

“मग चोपन्न वर्षं काय करत होतात?”

तिसऱ्या आठवड्यात पाठ उलट जास्तच दुखायला लागली. दोन वेळा तो गेला नाही, सोफ्यावर पडून राहिला. बाईंचा फोन आला. “या. आज चटई नाही, यंत्र आहे.”

यंत्र म्हणजे पलंगाएवढी लाकडी चौकट. तिच्यात रुळांवर सरकणारा पाट, पाटाला स्प्रिंगा, दोऱ्या आणि दोन कप्प्या. आडवं होण्याआधी त्याने सवयीने सगळं तपासलं, एक कप्पी बोटाने फिरवून पाहिली. “ही कोरडी पडलीय.” मग पाट पायांनी ढकलला.

“परत येताना आदळू नका,” बाई म्हणाल्या. “ढकलणं सोपं असतं. येताना हळू.”

नवशिक्या चालकांना तोही हेच सांगत आला होता: उचलतो कुणीही, ठेवता आलं पाहिजे. पुढच्या वेळी येताना तेलाची छोटी बाटली घेऊन आला. त्यानंतर त्याने एकही वर्ग चुकवला नाही.

आठ आठवड्यांत आकडा आठावरून तीनवर आला आणि तिथेच अडकला. एकदा सगळ्या गेल्यावर तो मागे थांबला.

“शून्य कधी होणार?”

बाई दोऱ्या गुंडाळत होत्या. “सांगता येत नाही. माझं अकरा वर्षं चारवर आहे.”

“तुमचं दुखतं?”

“आत्ताही दुखतंय. पण काम करते, पोहायला जाते, रात्री झोप लागते. पूर्वी नुसती पडून असायचे.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

त्याला फसवल्यासारखं वाटलं. “तिचं स्वतःचंच बरं झालेलं नाही,” तो घरी म्हणाला.

“आणि तरी दिवसभर उभी राहून शिकवते?” बायकोने विचारलं.

तपासणीच्या दिवशी दवाखान्याबाहेर त्याच क्रेनवरचा जोडीदार, लंबू, भेटला. “शून्य सांग. तीन म्हणालास तर कायमचा खाली बसशील.”

मान दोन्हीकडे नीट वळली. डॉक्टरांनी आकडा विचारला. तो म्हणाला, “तीन.”

“शून्य म्हणाला असतात तर पूर्ण पाळी लिहून दिली असती.”

“माहीत आहे. दोन तास बसू शकतो. मग उतरून मान मोकळी करायला हवी. सलग आठ तास नाही जमणार.”

अशी सोय बंदरात कुणाला नव्हती. सुपरवायझरने आठवडाभर कुरकुर केली, मग नाइलाजाने त्या क्रेनवर दोघांची आळीपाळीने दोन-दोन तासांची पाळी लावली. लंबूचं वेळापत्रक विस्कटलं आणि त्याने महिनाभर अबोला धरला.

हिवाळ्यात आकडा एकदा सहावर गेला. त्याने व्यायाम निम्मे केले, चार दिवस रजा काढली आणि पाचव्या दिवशी वर चढला. दोन तासांनी उतरला तेव्हा लंबू शिडीखाली मानेमागे हात धरून उभा होता.

“ती बाई नवीन माणसं घेते का?” त्याने दुसरीकडे बघत विचारलं.

“घेते. मंगळवारी चारला माझ्याबरोबर चल.”

लंबूने मान हलवली आणि शिडी चढायला लागला.