फर्दापूरच्या वहीतली ग्रेटाबाई

मित्रांनो, मला उघडाल तेव्हा आधी दोन-तीन शिंका येतील, त्याबद्दल रागावू नका. मी फर्दापूरच्या विश्रामगृहातली पाहुण्यांची जुनी वही आहे. माझ्या कडा कसरीने खाल्ल्या आहेत, पाठीचे कापड सुटले आहे. पण आतली अक्षरे अजून वाचता येतात.

पोलीस ॲक्शननंतर दोन वर्षांनी औरंगपुऱ्यातल्या एका बाइंडरने मला जाड दोऱ्याने शिवले, खळ लावून तांबडा पुठ्ठा चढवला आणि प्रत्येक पानावर तीन रकाने आखले : नाव, पत्ता, अभिप्राय. माझ्या आधीची वही उर्दूतली होती, उजवीकडून उघडणारी. विश्रामगृहाचे कारकून सदाशिवराव निजामाच्या अमदानीत उर्दू-फारसी शिकलेले. पहिला महिनाभर ते मला उलटीच उघडत आणि स्वतःशीच हसत.

अजिंठ्याची लेणी पाहायला दूरदूरचे लोक येत, मुक्काम करत आणि माझ्यात नाव लिहीत. चौकीदार कडूबाची बायको आवडाबाई खोल्या झाडी, पाहुण्यांचे पाणी तापवी. तिला अक्षरओळख नव्हती. तरी पाहुणा गेला की ती पदराने माझ्यावरची धूळ पुसून मला अलगद मिटून ठेवी. इतक्या मायेने मला पुन्हा कोणी हाताळले नाही.

१९५३ च्या हिवाळ्यात जर्मनीहून एक तरुण चित्रकार बाई आली. लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायच्या होत्या तिला. नाव लिहिले, ग्रेटा लिंडनर. आठवड्याच्या आतच तिला हिवतापाने गाठले. डॉक्टर औरंगाबादहून आले, औषध देऊन गेले. उशाशी बसून राहिली ती आवडाबाई. आदल्याच वर्षी असल्याच तापाने तिची पहिली लेक गेली होती. म्हणूनच की काय, ती इरेला पेटली. वीस दिवस तिने कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या, तांदळाची पेज चमच्याचमच्याने पाजली. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती.

ताप उतरल्यावर दोघी व्हरांड्यात उन्हाला बसल्या होत्या. ग्रेटाने आवडाबाईच्या नथीतल्या मोत्याला बोट लावले आणि मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "ग्रेटा."

"अगं बया! नथीला ग्रेटा म्हनतेत का तुमच्याकडं?" आवडाबाईने विचारले.

सदाशिवराव जवळच होते. त्यांनी इंग्रजीत दोन प्रश्न विचारले आणि हसले. "नथीला नाही, आवडाबाई, मोत्याला. तिच्या नावाचा अर्थ मोती आहे, असं म्हणते ती."

निघायच्या दिवशी ग्रेटा नुकतेच शिकलेले मराठी बोलली, "आवडा, मी जाते."

"जाते नाय म्हनू! येते म्हनावं."

"येते," ग्रेटा म्हणाली आणि टांग्यात बसली.

आपण सगळेच रोज असे म्हणतो. पण आवडाबाईने तो शब्द खरा धरला.

त्यानंतर दर हिवाळ्यात ती सदाशिवरावांपुढे मला उघडून धरी. "काका, बघा की. ग्रेटाबाई आली का?" सदाशिवराव नावांवरून बोट फिरवत. मार्गारेट, लंडन. मार्गेरिता, रोम. मार्गित, बुडापेस्ट. "नाही गं. ग्रेटा नाही यात."

"येईल. येते म्हनली हाय," असे म्हणून ती मला मिटून ठेवी.

१९५८ साली आवडाबाईची आई बिडकीनला अंथरुणाला खिळली. आवडाबाई आणि कडूबा महिनाभर तिकडे गेले. बदलीवर परगावचा फकिरा नावाचा माणूस आला. एके दिवशी सदाशिवराव कचेरीच्या कामासाठी औरंगाबादला गेले होते आणि नेमकी त्याच दिवशी ती आली.

मी तिला पाहताच ओळखले. आता तिचे लग्न झाले होते. तिने व्हरांड्यातून मागच्या खोलीपर्यंत दोन फेऱ्या मारल्या आणि फकिराला विचारले, "आवडा? आवडा?"

फकिराला वाटले, बाईंना जागा फार आवडली. तो आनंदाने मान हलवत म्हणाला, "व्हय, व्हय! समद्यांनाच आवडतं."

ती बराच वेळ पायरीवर बसली. मग माझ्यात तिने त्याच ओळखीच्या अक्षरात या वेळी पूर्ण नाव लिहिले, मार्गारेटे हॉफमन. पत्ता लिहिला. अभिप्रायाच्या रकान्यात आपल्या भाषेत चार ओळी लिहिल्या आणि गेली.

आवडाबाई परतली तेव्हा सुतकात होती. तरी तिने मला उचलून सदाशिवरावांपुढे धरले. त्यांचे बोट त्या ओळीवर आले, क्षणभर थांबले आणि पुढे सरकले. "नाही, आवडाबाई. ग्रेटा नाही." मला ओरडून सांगावेसे वाटले. पण वहीला आवाज कुठला असणार!

सहा वर्षे गेली. एका सकाळी मार्गरीत नावाची एक म्हातारी फ्रेंच शिक्षिका माझी पाने चाळत होती. चाळता चाळता ती मोठ्याने हसली आणि सदाशिवरावांना म्हणाली, "अहो, माझ्या नावाच्या किती बायका तुमच्याकडे येऊन गेल्या!" आणि तिने बोट ठेवून ठेवून दाखवल्या. इंग्लंडची मार्गारेट, इटलीची मार्गेरिता, स्पेनची मार्गारिता, हंगेरीची मार्गित, पोलंडची माउगोझाता. एकाच जुन्या ग्रीक शब्दापासून आलेली ही सारी नावे, आणि त्या शब्दाचा अर्थ मोती. तो शब्दही ग्रीकांनी पूर्वेकडूनच, इराणच्या बाजूने उचलला असावा, असे ती म्हणाली.

सदाशिवरावांच्या हातातली लेखणी थांबली. "मरवारीद," ते पुटपुटले. "फारसीत मोत्याला मरवारीद म्हणतात." मग त्यांनी विचारले, "आणि ग्रेटा?"

"ते तर त्याचेच लाडके, छोटे नाव. जर्मनीत मार्गारेटेला घरी ग्रेटा म्हणतात."

त्यांनी झरझर पाने उलटली आणि हाक मारली, "आवडाबाई! अगं, लवकर ये!"

ती ओल्या हातांनी धावत आली. सदाशिवराव तिच्याकडे बघू शकत नव्हते. "आपल्याकडं रामकृष्णाचा रामकिसन होतो, वत्सलेची वच्छला होते. एवढं माहीत असून मला सुचलं नाही. ग्रेटा येऊन गेली गं. तू बिडकीनला होतीस तेव्हा."

शिक्षिकेला जर्मन येत होते. तिने त्या चार ओळी वाचल्या, सदाशिवरावांनी मराठीत सांगितल्या. "मी आले होते. आवडा भेटली नाही, कोणाला ती ठाऊकही नाही. ती जिवंत असेल तर तिला सांगा, मला मुलगी झाली आहे. आवडाने मला जगवले नसते, तर ती या जगात आली नसती."

आवडाबाई खाली बसली. "लेक झाली?" तिने दोनदा विचारले. मग रडली. मग उठून त्या शिक्षिकेसाठी पाणी तापवायला गेली, कारण तीही मार्गरीतच होती.

सदाशिवरावांनी त्याच दिवशी पत्र लिहिले. चार महिन्यांनी ते पाकीट तसेच परत आले. त्या पत्त्यावर आता कोणी राहत नव्हते. "राहू द्या," आवडाबाई एवढेच म्हणाली. पण त्यानंतर या कुळातल्या नावाची कोणी बाई आली, की ती तिच्यासाठी ज्वारीची भाकरी थापी, तिला समोर बसवून खाऊ घाली आणि तोंडाकडे बघत राही. त्या परक्या बायकांना काही कळत नसे. पण त्या पोटभर जेवत.

पुढे मी भरले. फक्त शेवटची ओळ मोकळी राहिली होती. नवी वही आली आणि मला रद्दीत काढायचे ठरले. तेव्हा आवडाबाईने मला मागून घेतले. ती दोन महिन्यांपासून सदाशिवरावांकडे दुपारी अक्षरे गिरवत होती, हे मला ठाऊक नव्हते. तिने लेखणी मुठीत धरली, जीभ दातांत दाबली आणि त्या ओळीवर लिहिले. नाव : आवडाबाई. पत्ता : फर्दापूर. अभिप्राय : मी इतंच हाय.

'थ'च्या जागी 'त' पडला आहे. सदाशिवरावांनी तो दुरुस्त केला नाही.

आवडाबाई जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. मी तिच्या धाकट्या लेकीच्या घरी, शहरात, माळ्यावरच्या पेटीत आहे. मित्रांनो, जुन्या वह्या रद्दीत टाकण्यापूर्वी एकदा वाचून बघा. आणि कोणाला शोधत असाल, तर एकाच नावाने शोधून परत फिरू नका. कधी कोणी परदेशी बाई आईच्या जुन्या चित्रांचा माग काढत अजिंठ्याला आली, तर तिचे नाव काय, तिच्या आईचे नाव काय, हे तिला सावकाश, सगळे बोलू द्या. आणि मग तिला माझे शेवटचे पान वाचून दाखवा.