हीटरची पैज

रॉयसला यंत्रातलं काही कळत नाही, हे मला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात कळलं. त्याला स्वतःला ते एक्केचाळीस वर्षांत कळलेलं नाही. आयोवात असताना त्याने गवत कापायचं यंत्र दुरुस्तीला उघडलं. ते तीन उन्हाळे खोक्यात पडून होतं आणि आमचं गवत शेजारी कापून द्यायचा. असल्या माणसाने निवृत्त झाल्यावर राहतं घर विकून मोटारहोम घेतलं. मोटारहोम म्हणे! चाकांवरचा डबा. त्यातच चूल, त्यातच पलंग, त्यातच संडास, आणि दिवसरात्र एकमेकांच्या पायांत आम्ही दोघं. उन्हाळ्यात उत्तरेकडचे डोंगर, हिवाळ्यात अ‍ॅरिझोनाचं वाळवंट. जाऊ तिथे आमच्यासारखीच म्हातारी माणसं आपापल्या डब्यापुढे खुर्च्या टाकून बसलेली. चार वर्षं मी हेच बघत होते.

मला घर हवं होतं. माझी बहीण कॉरीन टूसॉनला राहते, तिच्या शेजारचं घर रिकामं होतं. त्यात अंघोळीचा टब होता आणि आपटता येतील अशी दारं होती. डब्यात आपटायला काही नसतं, सरकते पडदे असतात. रागाने पडदा ओढून बघा एकदा, आपलंच हसू होतं.

जानेवारीत हीटरचा पंखा बोंबलायला लागला. वाळवंटात पहाटे बादलीतलं पाणी गोठतं, त्यामुळे हीटर बंद ठेवायची सोय नाही. सुरू झाला की आधी खरखर, मग किंचाळणं, मग ओट्यावरच्या बशा थरथरायच्या. रॉयस चार दिवस "होईल आपोआप गप्प" म्हणत राहिला. पाचव्या दिवशी सकाळी शेजारचा डेल्मर कॉफी ढोसायला आला होता. त्याच्यादेखत मी पैज लावली.

"आज अंधार पडायच्या आत तू हा स्वतःच्या हाताने नीट केलास, तर मी मरेपर्यंत घराचं नाव काढणार नाही. नाही जमलं, तर डबा विकायचा आणि टूसॉनला जायचं."

"लाव रे रॉयस!" डेल्मरने मांडीवर थाप मारली. "मी साक्षीदार."

"लागली," रॉयस म्हणाला. विचारसुद्धा केला नाही. मी मनातल्या मनात टूसॉनच्या खिडक्यांना पडदे लावून टाकले.

आमच्या तळावर कुणी डब्याची बाहेरची झाकणं उघडली की मुंगळे जमावेत तसे पुरुष जमतात. येताना खुर्च्या घेऊन येतात. कुणी हात लावत नाही, मतं मात्र सगळे देतात. त्या दिवशी पाच जण होते आणि पुढारी अर्थातच डेल्मर. या गृहस्थाने जन्मभर गालिचे विकले.

"बेअरिंग गेलं," डेल्मरने निकाल दिला. "आवाजावरून सांगतो."

"मला पण तेच वाटतं," रॉयस म्हणाला. त्याला नेहमी तेच वाटतं, जे शेवटच्या बोलणाऱ्याला वाटतं.

"तेल मार आधी. भरपूर मार."

त्याने भरपूर मारलं. सुरू करून बघितलं तर आवाज तोच, वर जळक्या तेलाचा वास. मग फोनवर कुणा दाढीवाल्या पोराची चित्रफीत लावली आणि ती थांबवत थांबवत एकेक स्क्रू काढू लागला. गुडघा अधू, डोळ्याचं ऑपरेशन ताजं, आणि स्वारी खडीवर पालथी पडून हात आत खुपसतेय. पाच जण वरून "डावीकडे, डावीकडे" करतायत. मला कीव यायला हवी होती. आली नाही.

साडेदहाच्या सुमारास मी खालच्या खणातून कांदे काढायला वाकले आणि मला लव्हेंडरचा वास आला.

फ्रिजखाली हीटरची जाळी आहे, तिच्यातून तो खोलीतली हवा ओढतो. ऑक्टोबरात मी त्या जाळीमागे लव्हेंडरच्या वासाचे कागद कोंबले होते. कपडे वाळवायच्या यंत्रात टाकतात ते, फडक्यासारखे मऊ. उंदीर त्या वासाकडे फिरकत नाहीत म्हणे. आमच्या तळावरची प्रत्येक बाई सांगते, म्हणून मीही ठेवले होते. तीन. जाळी सरकवून हात घातला. दोनच होते.

तिसरा कुठे असेल, हे कळायला दाढीवाल्या पोराची गरज नव्हती.

खिडकी उघडीच होती. "रॉयस, पंख्यात कागद अडकलाय," एवढं म्हटलं असतं तर दहा मिनिटांत काम झालं असतं. मी जाळी परत लावली आणि कांदे चिरायला घेतले. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? हा माणूस बेअरिंगच्या मागे लागलाय, संध्याकाळपर्यंत लागलेलाच राहील, आणि घर माझं. मधे एकदा मी सगळ्यांना कॉफीसुद्धा नेऊन दिली. रॉयसच्या बोटांची सालटं निघाली होती.

"जमतंय का?" मी विचारलं.

"जमेल," तो म्हणाला.

"मोटर नवीनच मागवावी लागणार," डेल्मर म्हणाला. "आठवडा जाईल. आर्डिस, तू सामान बांधायला घे!"

सगळे हसले. मीही हसले.

दीड वाजता बाहेर एकदम शांतता झाली. मी खिडकीतून बघितलं. रॉयसने पंख्याचं चाक काढून मांडीवर घेतलं होतं. पात्यांत गुंडाळला गेलेला, काळा पडलेला एक लांब तुकडा त्याने ओढून काढला आणि नाकाशी नेला. मग मान वर करून खिडकीकडे, सरळ माझ्याकडे बघितलं.

"काय रे ते?" डेल्मर पुढे झाला.

"वासाचा कागद," रॉयस म्हणाला. "उंदरांसाठी मीच ठेवला होता. साफ विसरलो."

ती पाच माणसं कशी हसली! डेल्मरच्या डोळ्यांतून पाणी आलं. "स्वतःच कोंबायचं आणि स्वतःच अर्धा दिवस शोधायचं! धन्य आहेस बाबा!" रॉयस त्यांच्यात बसून हसत हसत चाक पुन्हा बसवत होता. मला डेल्मरच्या डोक्यावर कॉफीचं भांडं उपडं करावंसं वाटलं.

हीटर सुरू झाला. आवाज असा नाहीच, नुसती ऊब. मंडळी खुर्च्या उचलून गेली. रॉयस आत आला आणि मोरीत बराच वेळ हात धूत राहिला.

"तुला कधी आठवलं?" त्याने मागे न वळता विचारलं.

"आत्ता," मी म्हटलं. "तू बाहेर काढलास तेव्हा."

"हां." त्याने हात पुसले आणि समोर येऊन बसला. चेहरा हलका झाला होता. "मला क्षणभर भलतंच वाटलं. वाटलं, हिला माहीत होतं, तरी गप्प बसली. इतकं नको झालं असेल हे सगळं, तर पैज गेली खड्ड्यात, उद्याच विकून टाकू, असं सांगणार होतो."

मी त्याच्या सोललेल्या बोटांकडे बघत राहिले. अजून वेळ होता. एक वाक्य पुरलं असतं.

"छे," मी म्हटलं. "काहीतरीच तुझं."

त्याने मान डोलावली, खणातून नकाशा काढला आणि टेबलावर पसरला. "मग एप्रिलात आयडाहोला जाऊ या का? मागच्या वेळी राहूनच गेलं."

"जाऊ," मी म्हटलं.