दिवाकररावांचा डावा हात

दिवाकर पेंढारकर झाशीच्या रेल्वेत तीस वर्षं ड्रायव्हर होते, आणि आपल्या हातून यंत्र बिघडू शकतं हे त्यांनी उभ्या जन्मात कबूल केलं नव्हतं. त्यामुळे रिटायर झाल्यावर घेतलेल्या जुन्या गाडीचा गिअरबॉक्स अकरा महिन्यांत बसला, तेव्हा दोष कुणाचा हे त्यांनी मिस्त्रीला विचारण्याआधीच ठरवून टाकलं. दोष गाडी विकणाऱ्याचा, म्हणजे विद्याधरचा.

विद्याधर गार्ड होता. बावीस वर्षं एकाच गाडीच्या पुढच्या टोकाला हे आणि मागच्या टोकाला तो. एवढी जुनी दोस्ती.

बबीन्याहून येताना चौथा गिअर सारखा निसटू लागला आणि शेवटी गाडी ओढून आणावी लागली. त्याच संध्याकाळी इलाइट चौराह्यावर, रोजच्या चहाच्या टपरीपाशी, दिवाकररावांनी चारचौघांत तोंड सोडलं. "खटारा गळ्यात मारलास माझ्या! दोस्तीत असं करतात?"

विद्याधरने अर्धा चहा तसाच ठेवला आणि तो निघून गेला. त्यानंतर तो टपरीवर फिरकला नाही. दिवाकरराव मात्र रोज जायचे, एकटेच चहा प्यायचे आणि घरी येऊन बायकोवर चिडायचे.

"अहो, करमत नाही तर जाऊन बोला ना त्यांच्याशी," बकुळताई म्हणायच्या.

"मी का म्हणून? त्यानं यावं!"

दहाव्या दिवशी बिजौलीच्या मिस्त्रीने गिअरबॉक्स खोलून फडक्यावर मांडला. गिअर सरकवणारा काटा त्याने उचलून दाखवला. एका बाजूने तो झिजून पार पत्र्यासारखा झाला होता.

"बाबूजी, बाकी सब तो बढ़िया है. चलाते बखत बायाँ हाथ कहाँ रहता है?"

"गिअर पे. और कहाँ?"

"पूरे टाइम? तभी तो! हाथ का सारा बोझ इसी पे आता रहा."

दिवाकरराव वाद घालायला गेले आणि थबकले. इंजिनात हात कधी मोकळा राहिलाच नव्हता. या गाडीत बसलं की तो आपोआप दांड्यावर जायचा, तिथेच राहायचा, आणि त्यांना बरं वाटायचं. आता मात्र त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रिक्षा करून ते तडक विद्याधरच्या घरी गेले. दार त्यानेच उघडलं.

"विद्याधर, चूक माझी. गाडी तू चांगलीच दिली होतीस. गिअरवर हात ठेवून ठेवून मीच तिची वाट लावली."

"मला माहीत होतं," विद्याधर म्हणाला. "या गाडीत शेजारी बसायचो ना तुझ्या. दिसायचं."

"मग बोलला का नाहीस? चारचौघांत मुकाट ऐकून घेतलंस!"



"रिटायर झाल्यावर वर्षभर तू भिंतीकडे बघत बसायचास, दिवाकर. जेवायचाही नाहीस नीट. या गाडीत बसलास, दांड्यावर हात ठेवलास आणि किती दिवसांनी हसलास. तो हात काढ म्हणून कसं सांगणार होतो तुला?"

दिवाकररावांचे डोळे भरून आले. दारातच ते रडत उभे राहिले, आणि विद्याधरने त्यांचा हात धरून त्यांना आत नेलं.