थोरलीची वीत

तो चौकोनी तुकडा तळहातावर ठेवला तेव्हा आधी जाणवला तो गारवा, आणि मग वजन — अजून कुणाच्याही घराचा वास न लागलेल्या वस्तूचं कोरं वजन. रेणुकाबाईंनी त्याच्या पाठीवर नखाने टिचकी मारली. आवाज बरा होता. आत पोकळ नव्हता. असल्या चकचकीत फरशा आता त्या भिंतीला लागणार होत्या... अंबूबाईंनी ती भिंत शेणामातीने सारवली होती. अंबूबाईंची सून सगुणाबाई, तिने ओढ्याकाठची पांढरी माती आणून सणासुदीला तिला पोतेरा दिला. सगुणाबाईंची सून विठाबाई, तिने चूल काढून उभा ओटा घातला आणि भिंतीला पहिलं सिमेंट लावून घेतलं. आणि विठाबाईंची सून मी. माझ्या राज्यात तिला तेलाचा रंग लागला, तो फोडणीच्या धुराने पिवळा पडला, सोडा लावून घासला तरी पिवळाच राहिला, आणि आता माझी सून बोनसच्या पैशांतून तिला फरशा लावायला निघाली आहे.

लागू दे. तोंडाने नाही म्हटलं होतं, मनाने कधीच हो म्हटलं होतं.

लोणावळ्याच्या बाजारातलं ते दुकान लांबट आणि थंड होतं. शेजारच्या चिक्कीवाल्याकडे गुळाचा पाक कढत होता आणि त्याचा वास काचेच्या दारातूनही आत येत होता. काउंटरमागचा सत्यम — दुकान त्याच्या वडिलांचं, पण बोलणं सगळं याचंच — कॅल्क्युलेटर पुढे ओढून बसला.

"मावशी, डाडोचं माप आणलंय ना? म्हणजे ओट्यापासून वरच्या फळीपर्यंतची भिंत."

"आणलंय."

"द्या की मग कागद."

"कागद कशाला? माप हातावर हाय."

सत्यम हसला. पण सून प्रतीक्षा हसली नाही. ती शांतपणे म्हणाली, "आमच्याकडे घरातल्या थोरलीच्या वितीने मोजतात. वितीला नऊ इंच धरा तुम्ही."

बरोबर बोलली. वराळ्याची पोर, कार्ल्यात येऊन अकरा वर्षं झाली, पण घरची रीत कुणापुढे सांगताना आवाजात कधी हसू आणलं नाही तिने. दाराची चौकट असो, पाळण्याची दोरी असो, लग्नाचा मांडव असो, या घरात पहिलं माप थोरलीच्या हाताचं, मग सुताराच्या पट्टीचं. सखाराम सुताराने एकदा मुद्दाम रेणुकाबाईंच्या वितीला पट्टी लावून पाहिली होती, करंगळीच्या टोकापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत. नऊ इंच. रेघभर इकडे नाही, रेघभर तिकडे नाही. "वहिनी, तुमचा हात मोडला तर माझा धंदा बसंल," असं म्हणाला होता तो.

"लांबी तेरा विती," रेणुकाबाई म्हणाल्या. "उंची तीन विती, वर चार बोटं."

"तेरा." सत्यमची बोटं बटणांवरून धावली. "पावणेदहा फूट लांबी, अडीच फूट उंची... पंचवीस स्क्वेअर फूट धरा. कटिंगमध्ये, बोर्डाच्या खाचेत वाया जाणार ते वेगळं. तीन पेट्या लागतील. चिकटवायला एक गोणी, फटी भरायचा मसाला, कडेची पट्टी, आणि मिस्त्रीची मजुरी तुमची तुम्ही बघा. आता रंग सांगा. ही पांढरी लांबट आहे ना, ही सध्या लय चालते. बंगलेवाले सगळे हीच नेतात."

"त्यांना नेऊ दे. त्यांच्यात सैपाक हाटेलातनं येतो. मला जेवताना दवाखान्यात बसल्यासारखं न्हाई वाटाया पायजे."

"आत्या, मग ही फिकट हिरवी?" प्रतीक्षाने दुसरा नमुना पुढे केला.

"ही कशासारखी दिसती ठावं हाय का? शेवाळ धरलेल्या टाकीसारखी."

"अहो, कोवळ्या भाताचा रंग आहे तो."

"भात शेतात बरा. भिंतीवर नगं."

सत्यम नमुने काढायला मागे गेला आणि जाता जाता स्वतःशीच पुटपुटला, "तेरा गुणिले तीन..." आणि तो आकडा, दुसऱ्याच्या तोंडून आलेला, रेणुकाबाईंच्या कानात असा काही उतरला की हातातला तुकडा त्यांनी नकळत घट्ट धरला. तेरा? पण ती भिंत तर अकराची होती...

अकराच. ओटा घातला तेव्हा मी स्वतः मोजली होती. सीताराम गवंडी ओळंबा घेऊन उभा होता, ओट्याच्या विटा दारात येऊन पडल्या होत्या, घरातली सगळी बाजूला उभी, थोरल्या जाऊबाईसुद्धा. विठाबाईंनी कोपऱ्यापासून मोजायला सुरुवात केली — एक, दोन, तीन — आणि निम्म्यावर येऊन त्या थांबल्या. हात भिंतीवर तसाच. किती वेळ त्या त्या हाताकडे बघत होत्या! मग वळून म्हणाल्या, "रेणुका, हिकडं ये. तुजा हात लाव." माझ्या अंगावर काटा आला, धाकटी सून मी, जाऊबाईंचे डोळे माझ्या पाठीत रुतलेले. मी मोजलं. अकरा भरल्या. विठाबाई सीतारामला म्हणाल्या, "हिचं अकरा धर. आजपास्नं ह्या घरात हिची वीत." बस्स, एवढंच. पुन्हा त्यांनी कशालाही माप लावलं नाही. आणि मी? मी महिनाभर हवेत चालत होते. मला वाटलं, सासूची मर्जी बसली. माझ्या गुणांवर बसली. दुसरं काही कारण असेल, हे इतक्या वर्षांत एकदाही मनात आलं नाही.

भिंत काही वाढत नाही.

रेणुकाबाईंनी तुकडा काउंटरवर ठेवला आणि उजवा पंजा मांडीवर उघडला. उघडला म्हणजे किती? अंगठा बाहेर सरकला, करंगळी मात्र आपल्या जागी वाकडीच राहिली, आणि मधली दोन बोटं तिला सोबत म्हणून वाकली. सांधे जांभळासारखे फुगलेले. सकाळी मोजताना नवव्या वितीला वाटलं होतं, अजून किती उरली आहे ही... वाटलं आणि तसंच पुढे गेले. तर त्या दिवशी विठाबाई भिंतीकडे बघत नव्हत्या. हाताकडे बघत होत्या.

आणि सकाळचा तो पिवळा टेप! गॅसजवळ पडलेला. नवलाख उंबरे गावातल्या कारखान्यात प्रतीक्षा दिवसभर लोखंडाचे भाग तपासते, केसाएवढा फरक निघाला तरी माल मागे लोटते; तो टेप तिथलाच. "माझ्या वट्यावर हे काय ठेवलंस?" असं मी कडाडले तेव्हा तिने तो उचलून पर्समध्ये टाकला होता. म्हणजे हिने मोजलंय. हिला ठाऊक आहे. ठाऊक असून मघाशी म्हणाली, नऊ इंच धरा.

कपाळाची शीर तटतटली. माझी कीव करते? माझ्याच घरात, माझ्याच भिंतीवरून?

तेवढ्यात प्रतीक्षा काउंटरच्या पलीकडच्या टोकाला, सत्यमच्या जवळ सरकून, हलक्या आवाजात विचारत होती, "न उघडलेली पेटी परत घेता ना तुम्ही?"

"घेतो की. बिल तेवढं जपून ठेवा."

"तसं तुमच्याकडे लिहून ठेवा. पण आत्ता तीनच द्या."

अगंबाई... रेणुकाबाईंच्या मनात सगळं चित्र एकदम उभं राहिलं. तीन पेट्या घरी येतील. मिस्त्री काम उरकेल. मग एखाद्या दिवशी, मी खाचरावर गेलेली असताना, माझ्या प्रदीपच्या गाडीवरून तिसरी पेटी गुपचूप दुकानात परत जाईल, आणि मुलगा-सून दोघंही संध्याकाळी म्हणतील, माप कसं तंतोतंत बसलं. आज पेटी, उद्या आणखी काही. मी मीठ घालीन, मागून कुणीतरी चव बघेल. मी कुलूप लावीन, मागून कुणीतरी ओढून बघेल. सगळं मायेने. माझा शब्द मोडू नये म्हणून ही पोर जन्मभर माझ्यामागे चोरासारखी वावरेल, आणि मी मात्र पुढे, मान ताठ करून...

कीव नव्हती ती. कीव इतके कष्ट घेत नाही.

आणि तेव्हा कुठे कळलं, विठाबाईंनी काय दिलं होतं ते. वीत दिली, हे तर साऱ्या घराने पाहिलं. पण त्या गप्प राहिल्या असत्या तर मलाच एक दिवस त्यांच्या मागून माप लावावं लागलं असतं, लपून, भीत भीत. त्यांनी मला चोर होऊ दिलं नाही. स्वतःच्या तोंडाने, चारचौघांत, मागायच्या आत दिलं. त्या गेल्या; याची परतफेड त्यांना करायची सोय नव्हती. मला तर ते देणं आहे हेच माहीत नव्हतं.

"सत्यम," रेणुकाबाईंचा आवाज दुकानभर घुमला. ओसरीवरून गड्यांना हाक मारायचा तोच आवाज. "ते माप खोड."

"काय झालं मावशी?"

"भिंत तेराची न्हाई. माझा हात आखडलाय."

प्रतीक्षा झटकन वळली. "आत्या, असू द्या ना. थोड्या जास्तच लागतात, फुटतात मध्येच—"

"फुटायला काय आपण त्यावर कांडण करणार हाय? तू सकाळी मोजलंस ना?"

प्रतीक्षाने मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "...हो."

"मग सांग त्याला. पुटपुटू नगंस. मोठ्यानं सांग."

"आठ फूट तीन इंच," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मध्येच ओला झाला. "उंची पंचवीस इंच."

"हेच धर," रेणुकाबाई सत्यमला म्हणाल्या. "आमच्या घरात आता हिचं माप चालतं. पुन्यांदा आले तर हिलाच इचार. मला फकस्त रंग इचार."

"मग दोन पेट्यांत बसतंय की!" सत्यम पुन्हा बटणं दाबू लागला.

प्रतीक्षा शेजारच्या स्टुलावर येऊन बसली. तिने रेणुकाबाईंचा हात हातात घेतला नाही; ती तशी नव्हतीच, आणि रेणुकाबाईंना ते चाललंही नसतं. फक्त तिचा खांदा त्यांच्या खांद्याला टेकला, आणि टेकलेलाच राहिला. "पांढरी नकोच ना मग?" तिने विचारलं.

"न्हाई म्हनले ना एकदा."

समोर रंग मांडले जात होते, विटकरी, मोतिया, पिवळसर. आणि रेणुकाबाईंना त्यातला एकही नीट दिसत नव्हता. छातीच्या आत, कुठेतरी फार जुन्या जागी, काहीतरी सुटून खाली गेलं होतं. हे दुःख म्हणावं तर त्याला ऊब होती. सुख म्हणावं तर हात रिकामा झाला होता. उद्या कुणी म्हणालं, मांडव किती हात घालायचा, तर हा हात सवयीने उठेल आणि हवेतच राहील — तेव्हा काय करायचं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. ते त्या वेळी बघू. विठाबाईंचं देणं मात्र आज फिटलं होतं. पै न् पै.