साल्मेलाच्या धारेची परवानगी

ओन्नी साल्मेला एप्रिलात वारला. बातमी ऐकून सायकलवाल्या टोळीतल्या प्रत्येकाला आधी म्हाताऱ्याचं वाईट वाटलं आणि मग लगेच धारेचं काय होणार याची काळजी लागली. पहिली गोष्ट सगळे एकमेकांशी बोलले, दुसरी कुणीच नाही.

धार ओन्नीच्या मालकीची होती. गावामागे, सरोवराच्या अंगाला, काळ्या खडकाची एक लांब सोंड आणि तिच्या पाठीवरून झाडांच्या मुळांतून जाणारी तीन हात रुंदीची वाट. रानातल्या बाकीच्या वाटा टोळीनं कुदळफावड्यानं काढल्या होत्या, सरकारी जमिनीवर, रीतसर. पण त्या सगळ्यांना जोडणारी कडी म्हणजे साल्मेलाची धार. ती गेली की हातात उरले दोन तुटके तुकडे.

आणि ही धार वापरायची परवानगी कागदावर कधीच नव्हती. दर ऑक्टोबरात टोळी ओन्नीच्या घरी जायची, त्याची हिवाळ्याची लाकडं फोडायची, रचायची. म्हातारा ओसरीवर बसून बघायचा. काम संपलं की म्हणायचा, "यंदा बर्फ चांगला पडेल." झाली परवानगी. वर्षभर पुरायची.

टोळीची म्होरकी व्हर्ना हेक्किनेन. तिला कुणी नेमलेलं नव्हतं, पण कुठं जायचं हे ठरायच्या आधी सगळ्यांची तोंडं तिच्याकडे वळायची. पन्नाशीची, अंगानं दणकट, बोलायला कंजूष. हिवाळ्यात ती रस्त्यांवरचा बर्फ काढायचा ट्रक चालवायची आणि उन्हाळ्यात त्याच रस्त्यांचे खड्डे बुजवायची. तिच्या ट्रकपुढे हरीण आलं तरी ती भोंगा वाजवत नसे. थांबून वाट बघे. हरणाला उगीच कशाला अवघडल्यासारखं वाटू द्यायचं!

ही माणसं जगावेगळी होती हे कबूल केलंच पाहिजे. एप्रिलात बर्फ वितळून वाटा लोण्यासारख्या मऊ झाल्या की सगळं जग सायकली बाहेर काढतं. ही टोळी सायकली खुंटीला टांगायची. ओल्या वाटेवर चाक घालणं म्हणजे पाप. त्या दिवसांत ते खोरी घेऊन चालत जायचे आणि साचलेल्या पाण्याला वाट काढून द्यायचे. जूनमध्ये माती आवळली की मग बघावं त्यांच्याकडे. बेर्टा नावाची निवृत्त पोस्टमास्तरीण, सत्तरी ओलांडलेली, धारेवरच्या उभ्या खडकावरून सायकलवर इतक्या सावकाश उतरायची की बघणाऱ्याचा श्वास अडकावा, पण तिचा पाय कधी जमिनीला लागला नाही. "घाई कशाला करायची," ती म्हणायची, "खडक काय पळून जाणाराय?" व्हर्ना खाली उभी राहून दर वेळी बघायची, आणि दर वेळी तिचा ऊर भरून यायचा. हे ती बेर्टाला अर्थातच कधी बोलली नाही.

त्या उन्हाळ्यात ओन्नीची मुलगी आली. डोरीन. साठीच्या आसपासची, दक्षिणेला दिवसभराच्या वाटेवर असलेल्या शिकागोत उभं आयुष्य काढलेली, केस बारीक कापलेले. घर विकायला आली असेल असं गावाला वाटलं. पण ती राहिलीच. टोळी धारेवरून जाताना हात वर करायची. तीही ओसरीवरून हात वर करायची. सगळं कसं झकास चाललं होतं.

ऑक्टोबरात टोळी लाकडं फोडायला गेली तेव्हा डोरीन घरी नव्हती, शिकागोला काही कामाला गेली होती. हरकत नव्हती. उलट बरंच झालं, आभार मानायची तिला वेळ आली नाही. त्यांनी दिवसभर खपून लाकडं फोडली, छपराखाली अशी रचली की ओळंबा लावून बघावं, साली झाडून काढल्या आणि निघून आले.

पुढच्या आठवड्यात धारेच्या तोंडाशी साखळी लागली. वर पाटी: खाजगी जागा. आत येऊ नये.

संध्याकाळी सगळे रॉलीच्या कारखान्यात जमले. रॉली टूसिन्यां हा वेल्डर. बर्फावर चालवायच्या जाड टायरच्या सायकली बाजारात मिळत नव्हत्या तेव्हा यानं दोन रिमा शेजारीशेजारी जोडून पहिली 'जाडी' बनवली होती. सगळ्या टोळीत बोलका म्हणावा असा तोच एक.

"आता मला सांगा," रॉली म्हणाला, "तिच्याशी बोललं कोण होतं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"मला वाटलं, तू," व्हर्ना म्हणाली. "तिचं धुराडं तूच दुरुस्त केलंस ना?"

"धुराड्याचं बोललो. धारेचं कसं काढणार? बापाचं दुःख ताजं. मला वाटलं बेर्टा बोलली असेल. तिला अख्ख्या गावाची खबर असते."

"खबर असते म्हणजे मी विचारत सुटते का?" बेर्टा म्हणाली. "लोक आपणहून सांगतात. मी व्हर्नाच्या भरवशावर होते."

"म्हणजे सबंध उन्हाळा आपण चोरासारखे तिच्या जमिनीवरून गेलो," रॉली म्हणाला, "आणि वर तिच्या अंगणात घुसून लाकडं फोडून आलो. वा रे वा. शाबास. एक वाक्य बोलायचं सोडून एवढी झाडं फोडली आपण."

सगळे खाली बघत हसले, पण कुणाच्याही चेहऱ्यावर हसू टिकलं नाही. विचारायला कोण जाणार हे कुणी बोललं नाही. तोंडं मात्र व्हर्नाकडे वळली.

व्हर्नानं आज जाऊ, उद्या जाऊ करत दिवस ढकलले. मग बर्फ आला. सरोवरावरून एकदा ढग चालून यायला लागले की ते थांबत नाहीत. दोन रात्रींत गुडघाभर पडला. आता धार दाबायलाच हवी होती. शेतात ढेकळं फोडायला फळी फिरवतात ना, तशी रॉलीनं बनवलेली जड लोखंडी फळी व्हर्ना बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलच्या मागे बांधून वाटेवरून ओढायची. दाबलेला बर्फ रात्रभर बसू द्यायचा. थंडीनं तो फरशीसारखा घट्ट होतो. मग टायरमधली हवा अंगठा रुतेपर्यंत सोडायची आणि निघायचं. चाक दोन बोटांपेक्षा खोल रुतायला लागलं तर उतरायचं आणि मुकाट घरी जायचं, मग तुम्ही कुणी का असेना. पण हे सगळं पहिल्या बर्फापासून करावं लागतं. खालचा थर भुसभुशीत राहिला तर वरचे सगळे थर वाया, हिवाळाच वाया.

रविवारी सकाळी ती डोरीनच्या दारात उभी राहिली. स्नोमोबाइल फळीसकट साखळीच्या अलीकडे लावली होती. हातात घरच्या दोन पेस्ट्या होत्या, मांस-बटाटा-सलगम भरलेल्या मोठ्या करंज्यांसारख्या, अजून गरम.

डोरीननं आत घेतलं, कॉफी दिली. बर्फाविषयी बोलणं झालं. धुराड्याविषयी झालं. पेस्टीत गाजर घालावं की नाही यावर दोघींचं एकमत झालं की घालू नये. कप रिकामा झाला. धारेचं मात्र व्हर्नाला काही केल्या काढता येईना. पहाटेच्या काळोखात, समोरचं काही दिसत नसताना ती ट्रक बिनधास्त हाकायची, आणि इथं एका बाईपुढे तिला एक वाक्य जड झालं होतं. ती उठली, टोपी घातली आणि दाराकडे गेली.

"म्हणजे निघालात?" मागून डोरीन म्हणाली. "तुमची फळी खिडकीतून दिसतेय मला. आणि तुम्ही गाजरावर बोलून चाललात?"

व्हर्ना वळली.

"मी आठ दिवस बाहेर जाते," डोरीन म्हणाली, "परत येते तर माझ्या अंगणात कुणीतरी येऊन गेलंय. लाकडं फोडलीत. ना चिठ्ठी, ना निरोप. शिकागोत याला घुसणं म्हणतात."

"इथं मदत म्हणतात."

"मदत विचारून करतात."

"विचारलं तर लोक नको म्हणतात," व्हर्ना म्हणाली.

डोरीन खुर्चीत बसली आणि एकदम दमल्यासारखी दिसायला लागली.

"साखळी मी का लावली सांगू? कुणीतरी येऊन विचारावं म्हणून. नुसते हात हलवत जाता. माझा बाप असाच. तीस वर्षं मी वाट बघितली, की हा माणूस एकदा तरी म्हणेल, डोरीन, घरी ये. दर डिसेंबरला फोन करायचा. आणि काय सांगायचा? शिकागोच्या वाटेवर, ग्रीन बेपासून वर रस्ता मोकळा आहे. मी म्हणायची, बरं आहे बाबा. झालं. फोन बंद."

व्हर्ना मटकन दाराजवळच्या बाकावर बसली.

"काय झालं?"

"तुमचे वडील मला विचारायचे," व्हर्ना म्हणाली. "दर डिसेंबरात. ट्रक येताना दिसला की रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहायचे, कडाक्याच्या थंडीत, थांबवायचे मला. ग्रीन बेपर्यंत रस्ता कसा आहे, विचारायचे. मी रेडिओवर पुढच्या ट्रकवाल्यांना विचारून सांगायची. मला वाटायचं, म्हाताऱ्याला भ्रम झालाय. गाडी तर कधीच विकली होती त्यांनी." तिनं डोरीनकडे बघितलं. "तुम्हाला बोलवत होते ते."

"कळतं मला ते. तेव्हाही कळत असणार," डोरीन म्हणाली. "पण मला तो शब्द हवा होता. मी शब्दासाठी अडून बसले आणि तो तिकडे रस्त्यात उभा. आमच्यात जास्त मूर्ख कोण, मला अजून ठरवता येत नाही."

व्हर्नाला वाटलं, या बाईचं सांत्वन करावं. पण ती काय मागतेय हे स्पष्ट होतं, आणि ते सांत्वन नव्हतं. तिनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आम्हाला तुमच्या धारेवरून जाऊ द्याल का?" ती म्हणाली. एकदा तोंड उघडल्यावर मग तिला थांबवेना. "टोळीसाठी विचारते, पण खरं तर माझ्यासाठी. हिवाळाभर मी ट्रकच्या काचेतून बर्फ बघते. वैऱ्यासारखा बघते. ढकल, ढकल, पुन्हा पडला, पुन्हा ढकल. फक्त त्या धारेवर, सायकलवर असले की तो मला आवडतो. ती वाट गेली तर नुसतं ढकलणं उरेल. मला ती हवीय."

हे बोलून झाल्यावर ती लालबुंद झाली होती. तिनं आयुष्यात कुणापाशी एवढं सलग मागितलं नव्हतं.

"हो," डोरीन म्हणाली. "जा. साखळी काढून टाक आणि ती पाटीही. इतकं सोपं होतं बघ."

"सोपं नव्हतं," व्हर्ना म्हणाली.

"नव्हतं," डोरीननं मान्य केलं. आणि व्हर्नाकडे तिनं पहिल्यांदाच मनापासून कौतुकानं बघितलं.

बाहेर ऊन पडलं होतं. साखळी निघाली, पाटी निघाली. व्हर्नानं फळी आत घेतली आणि धारेवरून दोनदा फिरवली. मागे वाट कशी गुळगुळीत निघत गेली. वर पोचल्यावर तिनं इंजिन बंद केलं. खाली सरोवर अजून गोठलं नव्हतं, काळंभोर, वाफाळत होतं. तिला हलकं हलकं वाटत होतं.

परतताना डोरीन ओसरीवर शाल गुंडाळून उभी होती. व्हर्नानं वेग कमी केला, रीतीप्रमाणे हात वर केला आणि रीतीप्रमाणेच म्हणाली, "पुढच्या रविवारपर्यंत वाट चांगली बसेल."

"बरं आहे," डोरीन म्हणाली. तिनं दार उघडलं आणि ती आत जायला वळली.

व्हर्ना दहा पावलं पुढे गेली असेल. मग तिचा हात आपोआप ब्रेकवर दाबला गेला. आपण आत्ता काय बोललो आणि ती काय म्हणाली, हे तिच्या कानात पुन्हा वाजलं. तिनं इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि गुडघाभर बर्फ तुडवत ओसरीच्या पायऱ्यांशी आली.

"डोरीन," ती म्हणाली, "रविवारी ये. आमच्याबरोबर धारेवर. तू यावंस असं मला वाटतं."

डोरीनचा हात दारावरच राहिला.

"मला बर्फावर सायकल येत नाही," तिनं कसंबसं उत्तर दिलं.

"पडशील. सगळे पडतात. बर्फ मऊ असतो. सायकल रॉली देईल."

डोरीननं शालीच्या टोकानं डोळे पुसले आणि मग नाकही.

"किती वाजता?" तिनं विचारलं.