झाकणाशेजारचा चार

मित्रांनो, तेलाच्या डब्याचं तोंड माझ्याकडे वळलं की अजूनही मी आधी वास घेऊन बघतो. मी आहे एका निळ्या मोटारीचा जुना गिअरबॉक्स. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोहोचवणं हे माझं काम. माझ्या आत पोलादाची दातेरी चाकं आहेत आणि त्यांनी एकमेकांवर आदळू नये म्हणून पितळेची नाजूक कडी आहेत. ही कडी आता कुठेच बनत नाहीत. ती गेली की मी भंगारात.

तुम्ही म्हणाल, हा एवढा संशयी का? ऐका तर.

तेल बदलणं माझ्या पहिल्या मालकाच्या गावीही नव्हतं. माझे दात घरघरू लागले तेव्हा त्याने गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक येणार त्या सकाळी त्याने काय केलं असेल? मूठभर लाकडाचा भुसा तेलात कालवून मला पाजला! घरघर बंद.

"बघा, काय लोण्यासारखी चालते!" तो गिऱ्हाइकाला म्हणाला.

मला ओरडून सांगायचं होतं. पण तोंडात भुसा असताना बोलणार काय?

गाडी घेणारा घड्याळजी होता. आठवडाभरात घरघर परत आली आणि लबाडी उघडी पडली. त्याने मला खाली उतरवलं आणि मऊ ब्रशने एकेक दात साफ केला. पितळेशी त्याची रोजची ओळख, त्यामुळे माझी कडी पाहून तो जरा जास्तच जपून वागला. चार ठिकाणी विचारून, बोटांत चोळून, वास घेऊन त्याने माझं तेल ठरवलं. मग झाकणाशेजारी पांढऱ्या रंगाने एकच आकडा काढला: ४.

त्यानंतरची तीस वर्षं सुखाची. पुढे त्याची मुलगी गाडी शिकली तेव्हा तिने मला भरपूर करकरवलं. "अगं, त्यालाही दात आहेत, तुझ्यासारखेच. हळू!" तो म्हणायचा.

आता घड्याळजीची नजर अधू झाली आणि गाडी मुलीकडे आली. तिला एक तान्ही लेक आहे. पाळण्यात टाकली की टक्क जागी. पण गाडी तिसऱ्या गिअरमध्ये पडून माझी गुणगुण सुरू झाली की दोन वळणांत डोळे मिटते. मला या कामाचा फार अभिमान आहे.

एक दिवस गाडीखाली तेलाचं थारोळं दिसलं. मुलगी गाडी घेऊन गॅरेजात गेली. मिस्त्रीने गळती बंद केली, झाकण उघडलं आणि एक चकचकीत डबा आणला. आगपेटीच्या विझलेल्या काडीचा वास आला. मी दचकलो.

"ताई, हे पाच नंबर. सगळ्यात भारी."

"जुन्या गाडीला चालेल?"

"चालेल काय, पळेल!"

ती वाकली. तिच्या कडेवर बाळ किरकिरत होतं. आता ही घाईघाईने मान हलवणार, असं मला वाटलं. खरं सांगतो, त्या क्षणी मी तिच्यावरही संशय घेतला.

"हा चार कसला?" तिने विचारलं.

"चार गिअर, ताई."

"गिअर तर तीनच आहेत."

"रिव्हर्स धरून झाले की चार!"

मिस्त्रीने डबा कलता केला. ती म्हणाली, "थांबा जरा." आणि तिने फोन लावला.

"बाबा, आपल्या गाडीला गिअर किती?"

"तीन."

"रिव्हर्स धरून?"

"मागे जाण्याला कुणी गिअर म्हणतं का? तीन म्हणजे तीन!"

"मग झाकणाशेजारचा चार?"

"तेलाचा नंबर आहे तो! कुणी पाच नंबर ओतत असेल तर आधी त्याचा हात धर. पितळ खाईल ते!"

फोनमधला आवाज एवढा खणखणीत होता, की मिस्त्रीचा हात आपसूक मागे गेला. त्याने डबा उलटा करून पाठीमागची बारीक अक्षरं वाचली.

"अरेच्चा, पितळ असेल तर वापरू नका म्हणतात. नव्या गाड्यांना हेच घालून घालून हात बसलाय, ताई. मागची बाजू कधी वाचलीच नाही." बिचारा कानापर्यंत लाल झाला. त्याच्या मनात खोट नव्हती. माझ्या पोटात पितळ आहे, एवढंच त्याला ठाऊक नव्हतं.

तो चार नंबरचा डबा घेऊन आला. मुलीने बोट बुडवून तेल चोळलं, वास घेतला. अगदी बापासारखं! मीही वास घेतला. हो, माझंच होतं ते.

मित्रांनो, जुन्या वस्तूला भारीतलं काही देण्याआधी तिला काय सोसतं ते विचारा. तिच्यावर कुणी काही लिहून ठेवलं असेल, तर अर्थ आपल्या मनाने लावू नका. लिहिणारा फोनवर असेपर्यंत विचारून घ्या.

परतताना मुलीने मला तिसऱ्यात टाकलं. एक वळण झालं, दुसरं झालं. मागे किरकिर थांबली.

तरी पुढच्या डब्याचा वास मी आधी घेणारच.